कुलूप दिसले, म्हणजे दुकान खरे?

ईद जवळ आली की आपल्या शिरपुरातही कपड्यांची निम्मी खरेदी मोबाइलवरच उरकते. पैसे भरण्याआधी वरच्या पट्टीत छोटे कुलूप आहे का, एवढे पाहायचे, असा सल्ला घरोघरी ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे.

कुलूप म्हणजे त्या संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र. ते असले की तुमचा कार्ड नंबर सांकेतिक रूपात जातो, वाटेत कुणाला वाचता येत नाही. आणि तुम्ही जो पत्ता उघडला, त्याच पत्त्याशी बोलत आहात याची खात्री मिळते. पण दुकानदार माल पाठवील का, हे प्रमाणपत्र देणारा बघतच नाही. पत्ता अर्जदाराच्या ताब्यात आहे ना, एवढेच बहुतेक वेळा तपासतात, आणि तेही संगणकच करतो. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था २०१५ पासून अशी प्रमाणपत्रे फुकट देते. गरिबाच्या दुकानाची सोय झाली, तशी ठगाचीही. लोक कुलपाचा भलताच अर्थ लावतात, म्हणून गूगलने २०२३ मध्ये संगणकावरच्या क्रोममधून ते चिन्हच काढून टाकले.

प्रमाणपत्र देणाराही चुकू शकतो. जुलै २०१४ मध्ये आपल्याच सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडून गूगलच्या पत्त्यांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाली होती. ती लगेच रद्द करावी लागली.

तेव्हा पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. नामांकित दुकानाच्या नावात एखादे अक्षर जास्तीचे घुसवलेले असते. अनोळखी दुकान असेल तर माल हातात आल्यावरच पैसे द्या. मात्र पट्टीत ‘सुरक्षित नाही’ असे दिसले, तर तिथे कार्ड नंबर टाकूच नका.

घरी दुपट्टे, अबाया शिवून विकणाऱ्या भगिनींसाठीही एक गोष्ट. स्वतःचे संकेतस्थळ काढताना प्रमाणपत्राचे वेगळे पैसे मागितले, तर फुकटचे का चालत नाही, हे आधी विचारा. लहान दुकानाला ते पुरते. त्याची मुदत मात्र थोड्याच महिन्यांची असते. नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था करून घ्या, नाहीतर ऐन सणात गिऱ्हाइकाला धोक्याची सूचना दिसेल आणि ते परत फिरेल.

फसवणूक झालीच तर लाजेपोटी गप्प बसू नका. ताबडतोब १९३० वर फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी तक्रार पोचली, तर ते रोखता येण्याची शक्यता असते.