मुका जीव दवाखान्यापर्यंत कसा न्यावा?

राजपुत्र सिद्धार्थ आणि जखमी पक्ष्याची गोष्ट आपल्या घराघरांत लेकरांना सांगितली जाते. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही घेतली आहे. देवदत्ताच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्ष्याची जखम सिद्धार्थाने बांधली, त्याला पाणी पाजले आणि अंगावरच्या वस्त्रात गुंडाळून छातीशी धरले. मारणाऱ्यापेक्षा वाचविणाऱ्याचा हक्क मोठा, हा निवाडा आपल्याला पाठ असतो. पण त्याने पक्षी कसा उचलला, इकडे आपले लक्ष जात नाही.

कळवणसारख्या तालुक्यात हाच प्रश्न महत्त्वाचा ठरतो. मोठ्या उपचारासाठी नाशिक गाठायचे, तर सुमारे 80 किलोमीटरचा रस्ता. कांद्याच्या पिकअपमध्ये पाय करकचून बांधून टाकलेले जनावर अपघातातून वाचते, पण प्रवासात दगावते. गाय-बैल फार वेळ एका कुशीवर पडून राहिले, की पोट फुगते व श्वास कोंडतो.

उचलताना काय करावे?

प्रथम 1962 या क्रमांकावर फोन करून फिरते पशुवैद्यकीय पथक मिळते का पाहावे. न मिळाल्यास जनावर ओढत नेऊ नये. फळी किंवा जाड घोंगडीवर अलगद घ्यावे. डोळ्यांवर फडके टाकले की ते शांत होते. गाडीत गवत अथवा गोणपाट अंथरावे आणि जनावर छातीवर बसते ठेवावे. सोबत एक माणूस मागे हवाच. खोल रुतलेली वस्तू उपसू नये. बेशुद्ध जनावराच्या तोंडात पाणी ओतू नये.

दुखावलेले कुत्रे ओळखीच्या माणसालाही चावते. म्हणून त्याचे तोंड मऊ पट्टीने बांधावे. मात्र उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल तर बांधू नये. चावलेच तर जखम साबणाने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी. पक्ष्यासाठी भोके पाडलेले पुठ्ठ्याचे खोके पुरते. विहिरीत बिबट्या पडला, तर गर्दी हटवून वनखात्याला 1926 वर कळवावे. ते काम आपले नव्हे.

कायदा काय सांगतो?

1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जनावराला विनाकारण यातना होतील अशी वाहतूक करणे गुन्हा आहे. 1978 च्या वाहतूक नियमांप्रमाणे मालमोटारीत सहापेक्षा जास्त गुरे भरता येत नाहीत, दुसरा माल ठेवता येत नाही, पाय घसरू नये म्हणून तळाशी काथ्या किंवा फळ्या हव्यात आणि पशुवैद्याचा दाखला जवळ हवा.

हा दाखला आपल्या बांधवांनी विसरू नये. 11 जुलै 2016 रोजी गुजरातमधील उना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना गोरक्षक म्हणविणाऱ्यांनी अमानुष मारले. माणसाच्या पाठीवर काठी चालविणारी ती कसली करुणा? म्हणून जखमी गाय नेण्यापूर्वी मालकाला व पोलीस पाटलाला सांगावे आणि कागद सोबत ठेवावेत.

एकेकाळी मेलेली ढोरे ओढण्याची सक्ती आपल्या वाडवडिलांवर होती. बाबासाहेबांनी तो अपमानाचा धंदा सोडायला लावला. पुढे 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञाही दिली. संविधानात 1976 साली आलेल्या मूलभूत कर्तव्यांतही सजीवांविषयीची भूतदया आहे. सक्तीने मेलेले ढोर ओढणे वेगळे आणि स्वतःच्या इच्छेने जिवंत जीव उचलणे वेगळे. पहिल्यात गुलामी होती, दुसऱ्यात धम्म आहे.

प्रत्येक विहाराने एक घोंगडी, एक फळी, दोरी आणि पट्ट्यांचा डबा तयार ठेवावा, तरुण मंडळांनी गाडीवाल्यांचे क्रमांक भिंतीवर लिहावेत. खर्च थोडा आहे, पण वेळेवर त्याचाच उपयोग होतो.