दुःखाचे व्याज

चंद्रपूरहून नागपूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात भद्रावती येते. श्री केसरिया पार्श्वनाथांच्या या तीर्थावर दूरदूरचे भाविक येतात. पूजा आटोपून धर्मशाळेत विसावल्यावर वडीलधारी माणसे मुलांना प्रभूंच्या पूर्वभवांची, मरुभूती आणि कमठ या दोन भावांची कथा सांगतात. कमठाने धाकट्या भावाच्या पत्नीशी अनाचार केला, राजाने त्याला शिक्षा करून हाकलून दिले, आणि पुढे मरुभूती त्याची क्षमा मागावयास गेला असता कमठाने त्याच्या मस्तकावर शिळा घातली. तेथून दहा भव हे वैर चालले. शेवटच्या भवात मरुभूतीचा जीव पार्श्वनाथ झाला आणि कमठाचा जीव मेघमाली देव होऊन ध्यानस्थ प्रभूंवर मुसळधार पाऊस पाडू लागला.

कथा ऐकताना लक्ष जाते ते प्रभूंच्या स्थिरतेकडे आणि धरणेंद्राने धरलेल्या फणांकडे. कमठाकडे सहसा कोणी थांबून पाहत नाही. पाहिले तर ध्यानात येते की राजाने दिलेली शिक्षा एकदाच झाली आणि त्याच भवात संपली. ज्याच्यावर राग होता तो भाऊ तर स्वतः हात जोडून दारी आला होता. म्हणजे पुढच्या भवांत कमठाला जे जाळत राहिले ते बाहेरून आलेले नव्हते. त्याचे सरपण तो स्वतःच पुरवीत होता.

व्यापारी घराण्यांना हा हिशोब चटकन उमगावा. एखादा जुना ग्राहक मोठी उधारी बुडवून जातो, वाळत घातलेली तेंदूपाने अवकाळी पावसात भिजतात, दुकानाच्या वाटणीत रस्त्यावरचा गाळा धाकट्या भावाकडे जातो. हे नुकसान खरे असते. ते मुद्दल होय. परंतु त्यानंतर रात्री दोन वाजता जाग येऊन तोच प्रसंग पुन्हा उभा करणे, तेव्हा काय उत्तर द्यावयास हवे होते त्याची जुळवाजुळव करणे, उद्या तो भेटला तर काय होईल याची चित्रे रंगवणे, हे सारे त्या मुद्दलावर चढणारे व्याज आहे आणि ते आकारणारा सावकार आपल्याच घरात राहतो.

बँकांना याबाबत एक शिस्त घालून दिलेली आहे. कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून अधिक थकले की ते खाते अनुत्पादक ठरते आणि न मिळालेले व्याज उत्पन्नात धरणे थांबवावे लागते. वसुली मात्र थांबत नाही. नोटीस, तारण, न्यायालय, तडजोड सर्व काही चालू राहते. थांबते ती केवळ वहीतली चढण. मनाच्या वहीला असा नियम नाही. तेथे २० वर्षांपूर्वीच्या एका लग्नात झालेला मानापमान आजही चक्रवाढीने फुगत असतो.

आपल्या शास्त्रकारांनी या अवस्थेला नेमके नाव दिले आहे: आर्तध्यान. आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात त्याचे चार प्रकार सांगितले. नकोसे वाट्याला आले म्हणून, हवेसे हातचे गेले म्हणून, वेदनेमुळे आणि पुढच्या भोगांच्या लालसेने. या शब्दातील ‘ध्यान’ विचार करण्याजोगे आहे. ‘माझे मन एकाग्रच होत नाही’ अशी तक्रार करणारा गृहस्थ भावाबरोबरच्या वादावर तासन्‌तास एकाग्र असतो. एकाग्रतेची उणीव नाही, ती कोठे लावली आहे एवढाच प्रश्न आहे.

याच मुलखात, आधुनिक वैद्यकाच्या वाटेने, एका डॉक्टरला हा प्रश्न स्वतःच्या हृदयाजवळ येऊन भिडला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. त्यानंतर काही वर्षांतच डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिक्षण घेऊन तेथे कामाला आले. ‘सर्च’ ही त्यांची संस्था आणि धानोऱ्याच्या रस्त्यावरील शोधग्राम महाराष्ट्राला परिचित आहे. गावातील नवजात बालकांचे मृत्यू कसे रोखता येतील, यावरील त्यांच्या संशोधनाने जगाचे लक्ष वेधले. असे लोकोपयोगी काम, गांधीविचारांचे संस्कार, जंगलातील मोकळी हवा; आणि १९९५ मध्ये, पंचेचाळिशीच्या सुमारास, डॉ. अभय बंग यांना हृदयविकाराचा झटका आला.

‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात त्यांनी हा अनुभव मांडला, आणि मराठी घरांत ते मोठ्या प्रमाणावर वाचले गेले. रोगाचे खापर केवळ आहारावर किंवा व्यायामाच्या अभावावर न फोडता ते घाई, राग, कामाचे ओझे, सतत पुढच्या कामाकडे धावणारे मन यांच्यापर्यंत जाऊन पोहोचले. सत्कार्यात गुंतलेला माणूसही स्वतःला असा ताण देऊ शकतो, ही कबुली त्या पुस्तकाचे मोल वाढवते. आपल्याकडे तर ‘एवढे सगळे घरच्यांसाठीच करतो’ या वाक्याआड कितीतरी ताण लपलेला असतो.

ज्या संशोधनाचा त्यांना आधार वाटला ते डॉ. डीन ऑर्निश यांचे. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अल्प स्निग्धतेचा शाकाहार, चालणे, योग-ध्यान आणि समूहाचा आधार यांच्या साहाय्याने, कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे न देता, वर्षभरात अनेक रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतील अडथळा थोडा का होईना, मागे हटल्याचे त्यात दिसले. ऑर्निश यांना योगाची दिशा दाखविणारे स्वामी सच्चिदानंद मूळचे भारतातलेच होते. आपल्या घरचे धान्य परदेशी गिरणीतून दळून आले, एवढेच.

शोधग्रामहून गडचिरोलीमार्गे चंद्रपूरकडे परतताना, मूल ओलांडल्यावर, अजयपूर येथे विपश्यनेचे केंद्र आहे. ही साधना भारतात पुन्हा रुजविणारे सत्यनारायण गोयंका हे मूळचे व्यापारी. १९२४ मध्ये मंडाले येथे मारवाडी कुटुंबात जन्म, ब्रह्मदेशात मोठा कारभार, आणि सोबत असह्य अर्धशिशी, जिच्यासाठी मॉर्फीनची इंजेक्शने घ्यावी लागत. १९५५ मध्ये ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गुरू गृहस्थ होते आणि स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल होते. डोकेदुखी घालविण्यासाठी आलात तर परत जा, असे त्यांनी प्रथम गोयंकांना सांगितले. मन निर्मळ करावयाचे असेल तर या. डोकेदुखी गेली तर ती आनुषंगिक. पुढे १९६२ च्या लष्करी सत्तांतरानंतर उद्योगांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि गोयंकांचा कारभारही गेला. १९६९ मध्ये ते भारतात आले व शिबिरे घेऊ लागले. इतक्या मोठ्या बुडीत खात्यावर व्याज न चढविता पुढे गेलेला व्यापारी म्हणून त्यांच्याकडे पाहिले, तर पंथाचा प्रश्न आड येत नाही.

आपल्या परंपरेत आचार्य महाप्रज्ञ यांनी १९७५ पासून प्रेक्षाध्यानाच्या रूपाने श्वास आणि शरीर पाहण्याची पद्धत शिकविली. पण त्याही आधीपासून घराघरांत असलेली गोष्ट म्हणजे सहा आवश्यके. भूतकाळासाठी प्रतिक्रमण, भविष्यासाठी प्रत्याख्यान, आणि वर्तमानासाठी संवर, अशी काळाची वाटणी आपल्याकडे स्पष्ट आहे. झाल्या गोष्टीची दखल एकदा घ्यावयाची, पुढचा नेम एकदा करावयाचा, आणि उरलेल्या वेळी आत्ता आत काय शिरत आहे यावर पहारा ठेवावयाचा.

हा पहारा रात्री दोन वाजता कसा ठेवावा? विचारांशी भांडून तो ठेवता येत नाही. भांडण हाही विचारच. शरीर मात्र नेहमी वर्तमानात असते. जबडा आवळला आहे का, पोटात गोळा आला आहे का, श्वास छातीतच अडतो आहे का, हे पाहावे. ज्याच्यावर आपण संतापलो आहोत तो या क्षणी खोलीत नाही, बहुधा आपल्या घरी झोपला आहे. खोलीत पंखा आहे, अंधार आहे, शेजारी घरची माणसे आहेत. विचार पुन्हा येईल. पुन्हा श्वासाकडे यावे. पहिल्या दिवशी फारसे काही घडत नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये.

मात्र या उपदेशाचा एक गैरवापर समाजात दिसतो आणि तो निषेधार्ह आहे. ज्या बहिणीचा वा विधवा भावजयीचा हक्काचा वाटा रोखला गेला आहे, तिला ‘मागचे विसरा, समतेत राहा’ असे सांगणे म्हणजे मुद्दल बुडवून वर व्याजाबद्दल प्रवचन देणे होय. तिचे मुद्दल आधी द्यावे. तसेच महिनोन्‌महिने झोप नाही, अन्नावर वासना नाही, जगणे नकोसे वाटते, अशी अवस्था असेल तर सामायिक चालू ठेवून डॉक्टरांकडेही जावे. डॉ. बंग यांनीही वैद्यकीय उपचार नाकारले नव्हते.

सामायिकाचा काळ एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे. बहुतेक घरांत ते होते, पण पुष्कळदा नजर घड्याळावर आणि मन गल्ल्यावर असते. पूर्वी त्यासाठी वाळूची घडी समोर ठेवीत. काही घरांत ती आजही आहे. कटासन घालून बसावे, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा, आणि मन वाटणीच्या गाळ्याकडे किती वेळा गेले व किती वेळा परत आणले, एवढेच पाहावे. वाळू संपते, कटासनाची घडी होते. मोबाइलवर वकिलांचा फोन येऊन गेलेला असतो; तो लावावा, तारीख विचारावी, आणि वहीत टिपून ठेवावी.