मुक्ति कशासाठीं?

विद्यार्थिमित्रहो, स्वातंत्र्य हा शब्द तुमच्या तोंडीं वरचेवर असतो. शाळेचें बंधन सुटलें, वडिलांचा धाक सरला, चार पैसे हातीं आले, म्हणजे आपण स्वतंत्र झालों असें पुष्कळांस वाटतें. परंतु दोन प्रश्न विचारल्यावांचून स्वातंत्र्याचा अर्थ पुरता कळत नाहीं. सुटावयाचें कशापासून, आणि सुटून करावयाचें काय? ख्रिस्ती धर्म या प्रश्नांस काय उत्तर देतो, तें या अल्प लेखांत सांगण्याचा आम्ही प्रयत्न करितों.

योहानकृत शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायांत एक मार्मिक संवाद आहे. सत्याच्या ज्ञानानें मनुष्य बंधमुक्त होतो, असें प्रभु येशूनें सांगतांच ऐकणारे रागावले. आपण अब्राहामाचे वंशज. आपण कधीं कोणाचे दास नव्हतों, असें ते म्हणूं लागले. वास्तविक त्या वेळीं त्यांच्या देशावर रोमचें राज्य होतें. पण प्रभूनें त्या राज्याकडे बोट दाखविलें नाहीं. पाप करणारा पापाचाच दास होतो, एवढेंच त्यानें त्यांस दाखवून दिलें. म्हणजे ज्या बेडीविषयीं तो बोलत होता, ती हातापायांत नसून अंतःकरणांत असते. वर्गांतील सोबती हंसतील या भीतीनें जो खरें बोलत नाहीं, त्याला कोणीं कोंडलें आहे? शेजाऱ्यास अधिक गुण मिळाले म्हणून ज्याला झोंप येत नाहीं, त्याच्यावर कोणाचा पहारा आहे? आपला देश १९४७ सालीं स्वतंत्र झाला. परंतु भय, मत्सर व अहंकार हे धनी राज्य पालटल्यानें पालटत नाहींत.

हें तत्त्व पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून अधिक स्पष्ट होईल. त्यांचा जन्म १८५८ सालीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदेस न जुमानतां पत्नीस संस्कृत शिकविलें होतें, आणि मातोश्रींनीं तें धन मुलीस दिलें. सर्व कुटुंब पुराणें सांगत तीर्थयात्रा करीत फिरे. रमाबाई सोळा वर्षांच्या सुमारास असतां दुष्काळांत आईबाप गेले. पुढें बंधु श्रीनिवास यांच्यासह पायीं हिंडत त्या १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचल्या. तेथें त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. १८८० सालीं बंधु वारले. त्याच वर्षीं त्यांनीं जातीबाहेर विवाह केला. १८८२ सालीं पतिही निवर्तले. अज्ञान, जातिबंधन, लोकापवादाचा धाक, या बाहेरच्या बेड्या तोंवर त्यांनीं तोडून टाकिल्या होत्या. तरी अंतःकरणास समाधान नव्हतें.

१८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या व वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठांत राहिल्या. लंडनांतील फुलहॅम भागांत या भगिनी वाट चुकलेल्या स्त्रियांची सेवा करीत. समाज ज्यांना दारीं उभें करीत नाहीं, त्यांच्यावर इतकी माया कां, असें रमाबाईंनीं विचारिलें. तेव्हां त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायांतील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यांत आली. यहूदी लोक ज्यांच्याशीं व्यवहार ठेवीत नसत, अशा जातीची ती स्त्री. तिचें पूर्वचरित्र ठाऊक असूनही प्रभु येशू विहिरीपाशीं तिच्याशीं आदरानें बोलला. पतितांस धिक्कारणारे पुष्कळ; त्यांस उचलणारा हाच, हें रमाबाईंस पटलें, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं कन्या मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला.

येथें कोणी म्हणेल, एक धर्मसत्ता टाकून त्यांनीं दुसरी पतकरिली. पण त्यांचा पत्रव्यवहार पाहिला असतां तसें दिसत नाहीं. ज्यांच्याकडून धर्मशिक्षण घेतलें, त्या गुरुजनांसही त्यांनीं नम्रपणें परंतु स्पष्ट लिहिलें, कीं देवानें आपणांस स्वतंत्र विवेकबुद्धि दिली आहे, ती दुसऱ्याच्या हातीं सोंपवितां येत नाहीं. क्रुसावर लॅटिन शब्द नकोत, संस्कृत असावेत, हाही त्यांचाच आग्रह.

तथापि स्वतःच्या बुद्धीनें चालणें म्हणजेच पूर्ण मुक्ति, असेंही त्यांस वाटलें नाहीं. बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं त्यांना कळून आलें, कीं आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला आहे, प्रत्यक्ष ख्रिस्त सांपडावयाचा आहे. ही गोष्ट त्यांनीं पुढें आपल्या साक्षींत मोकळ्या मनानें नमूद केली. मतें पटणें निराळें, आणि आपलें सारें ओझें प्रभूवर टाकून निश्चिंत होणें निराळें. हें दुसरें घडलें तेव्हां त्यांच्या मनास शांति लाभली.

या शांतीची परीक्षा लवकरच झाली. १८८९ सालीं मुंबईस काढलेलें व पुढें पुण्यास आणिलेलें शारदासदन १८९३ सालीं वादळांत सांपडलें. मुली ख्रिस्ती होतील या भीतीनें अनेक पालकांनीं त्या काढून नेल्या, न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनींही अंग काढून घेतलें. पालकांची चिंता समजण्यासारखी होती. परंतु रमाबाईंनीं आपली श्रद्धा लपविली नाहीं, कीं काम सोडिलें नाहीं. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्यप्रांतांतून शेंकडों अनाथ मुली व विधवा आणिल्या, आणि पुण्याच्या पूर्वेस केडगांव येथें जी वसाहत उभी राहिली तिला ‘मुक्ति’ असें नांव दिलें.

हें नांव आणि तेथील दिनक्रम शेजारीं ठेवून पाहा. तेथें शेती होती, माग होते, छापखाना होता. आंधळ्या मुलींना ब्रेल लिपि शिकवीत. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदन होतें. फुलहॅम येथें पाहिलेलें आतां केडगांवच्या माळावर उभें राहिलें. मुक्ति मिळाली म्हणून कोणी रिकामें बसलें नाहीं. स्वतः रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून पवित्र शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर आरंभिलें. १९२१ सालीं कन्या मनोरमा वारली. तरी हें काम त्यांनीं तडीस नेलें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या निजधामास गेल्या.

प्रेषित पौलानें गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत हेंच सांगितलें आहे. स्वातंत्र्य मिळालें तें देहवासनेस मोकळीक देण्यासाठीं नव्हे, प्रीतीनें एकमेकांची सेवा करण्यासाठीं, असा त्याचा आशय आहे. यांत विरोध भासतो, पण तो खरा नाहीं. ज्याला सदैव स्वतःचीच काळजी, तो दुसऱ्याकडे पाहणार केव्हां? देवानें आपणांस पत्करिलें आहे, हा भरंवसा ज्यास आला, त्याला लोकांपुढें आपलें मोठेपण सिद्ध करीत बसावें लागत नाहीं. त्याचे हात मोकळे होतात, आणि मोकळ्या हातांस काम सांपडतें.

या शाळेंत नाना धर्मांच्या घरांतून मुलें येतात. श्रद्धा कोणावर लादतां येत नाहीं, हें रमाबाईंनींच शिकविलें आहे. आम्ही इतकेंच मागतों, कीं शाळेचा निरोप घेतांना पहिल्या प्रश्नाबरोबर दुसराही प्रश्न प्रत्येकानें मनास विचारावा. आपण कशांतून सुटलों, हें सांगणें सोपें आहे. कोणासाठीं सुटलों, हें ज्यास सांगतां येईल, त्याचें शिक्षण सार्थकीं लागलें असें आम्ही समजूं.