विसार देण्याआधी खालची माती बघा

गटाची बचत बऱ्यापैकी साठली की बैठकीत एक विचार हमखास निघतो: रस्त्याकडेची जागा घेऊ, गाळा भाड्याने देऊ, दर महिन्याला चार पैसे येत राहतील. विचार चांगलाच आहे. सातबारा कुणाच्या नावावर आहे, बोजा आहे का, हे आता आपल्या बायका तलाठ्याकडे जाऊन स्वतः बघतात. पण सातबाऱ्यावर न दिसणारा बोजाही असतो. तो मातीत आणि पाण्यात असतो, आणि खरेदीखत झालं की तो आपल्या पदरात येतो.

जुना पेट्रोल पंप, बॅटऱ्या फोडायची भंगाराची जागा, कीटकनाशकांचं गोदाम, कापड रंगवायचा कारखाना. अशी जागा बंद पडली की कधीकधी शेजारच्या जागेपेक्षा बरीच स्वस्त मिळते. इतकी स्वस्त का, हे विचारायला लाजू नका. पंपाखालची टाकी झिरपत असेल तर जवळच्या विहिरीला तेलाचा वास येऊ शकतो. बॅटरीतलं शिसं मातीत पडलं की ते कुजत नाही, उडूनही जात नाही. तिथे खेळणाऱ्या मुलांच्या पोटात ते धुळीबरोबर जातं आणि मेंदूच्या वाढीला बाधा आणतं.

आता कुणी म्हणेल, ज्याने घाण केली तो भरेल की! कायदाही तेच म्हणतो. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचं गाव आहे. तिथे 1980 नंतरच्या दशकात कापडाच्या रंगाला लागणारं एक रसायन बनवत. कारखाना फार काळ चालला नाही, पण सुमारे 2,400 टन गाळ मागे राहिला. पावसाच्या पाण्याबरोबर तो मुरला आणि साठेक विहिरींचं पाणी नासलं. सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली निकाल दिला की सफाईचा खर्च कारखानदारांनीच द्यायचा. तरी 2011 साली पैसे भरा म्हणून त्याच न्यायालयाला पुन्हा आदेश काढावा लागला. मधे पंधरा वर्षं गेली. आपल्या गटाला एवढा दम आहे का? म्हणून आमचं म्हणणं, चौकशी विसाराच्या आधी करायची.

पहिली चौकशी माणसांकडे. आम्हाला कागदापेक्षा याचाच भरवसा जास्त वाटतो. शेजारच्या म्हाताऱ्या आजींना विचारा, इथे आधी काय होतं, टँकर कुठे रिकामे व्हायचे, कुठल्या विहिरीचं पाणी जनावरंसुद्धा पीत नाहीत. मग जुने सातबारे आणि फेरफार काढा. पिकाच्या रकान्यात वर्षानुवर्षं ‘पड’ असेल किंवा जागा कारखान्यासाठी अकृषिक झाली असेल, तर तिथे काय चालायचं ते खणून काढा.

मग पाणी. जलजीवन मिशनमध्ये गावागावात पाच महिलांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवायचं ठरलं आहे. त्यातली एखादी आपल्याच गटात असेल. नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या आत हवं. फ्लोराइड 1 मिलिग्रॅमपर्यंत, दुसरं पाणीच नसेल तर फार तर दीड. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. पण तेल, शिसं, कीटकनाशक हे त्या किटने कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतच नमुना द्यावा लागतो.

मातीचंही तसंच. ‘मृदा आरोग्य पत्रिका चांगली आहे’ असं सांगून कुणी निर्धास्त करेल. ती पत्रिका पिकासाठी असते. नत्र, स्फुरद, पालाश, जस्त वगैरे सांगते. शिसं किंवा तेल तिच्यात नसतं. एन.ए.बी.एल. मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला आधीचा धंदा कोणता ते सांगा, म्हणजे काय तपासायचं हे त्यांना कळेल.

विकणाऱ्याला प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणारीला साध्या काळजीने कळला नसता असा मोठा दोष त्याने सांगायलाच हवा. म्हणजे साधी चौकशीसुद्धा आपण केली नसेल, तर पुढे भांडायला आपली बाजू लंगडी. साठेखतात एक ओळ घालून घ्या: तपासणीचा अहवाल वाईट आला तर विसार परत. खळखळ करणाऱ्याची जागा आम्ही तरी घेणार नाही.

जागा घेतल्यावर भाडेकरूकडे लक्ष ठेवा. भाडं वेळेवर येतंय म्हणून आत डोकावायचं नाही, असं चालत नाही. 1974 च्या पाणी कायद्याप्रमाणे विषारी घाण जाणूनबुजून विहिरीत किंवा जमिनीवर जाऊ देण्यालाही मनाई आहे. करारात कोणता धंदा, कोणता माल हे नाव घालून लिहा. ज्या धंद्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, त्याच्याकडून संमतीपत्राची प्रत आधीच घ्या. पिंपं छताखाली, पक्क्या फरशीवर. चावी देण्याआधी बोअरचं पाणी तपासा आणि अहवाल गटाच्या फाइलला लावा. गाळा रिकामा होताना पुन्हा तपासा, दोन्ही अहवाल शेजारी ठेवून बघा, मगच अनामत परत करा.

आणि घेतलेल्या जागेत काही सापडलंच, तर ते पाणी पिणं त्याच दिवशी बंद. ती माती उचलून दुसऱ्याच्या बांधावर टाकू नका. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या, एक प्रत ग्रामपंचायतीत द्या, आणि दोन्हीकडून पोच घ्यायला विसरू नका.