झाकण झाडांतून नेताना

डालड्याच्या डब्याचं झाकण आमच्याकडच्या लेकरांनी कधी वाया जाऊ दिलं नाही. डबा ज्वारीला, गंजला की तुळशीला, आणि झाकण आमच्या ताब्यात. उजव्या हातात धरायचं, डाव्या काखेपर्यंत न्यायचं, मनगटाला हिसका देऊन सोडायचं. झाकण उडायचं, अगदी पाखरासारखं तरंगायचं, आणि नेम धरलेला खांब हातभर उरला की हटकून डावीकडं वळून कडब्याच्या गंजीत शिरायचं. मोठी माणसं म्हणायची, पोराचा हात वाकडा आहे. हात ठीक होता. झाकण एक नियम पाळत होतं, आणि त्या नियमावर आज जगभर एक अख्खा खेळ उभा आहे.

त्या खेळाचं नाव डिस्क गोल्फ. चेंडूच्या जागी चकती, काठीच्या जागी आपला हात आणि जमिनीतल्या खड्ड्याच्या जागी खांबाला लटकवलेल्या साखळ्या आणि त्याखाली लोखंडी टोपली. ठरलेल्या जागेवरून फेकायचं, चकती पडेल तिथून पुढची फेक, टोपलीत पडेपर्यंत. कमीत कमी फेकींत जो पोचला तो जिंकला. मोकळ्या रानात हा खेळ मुख्यतः ताकदीचा. झाडीत, आणि तेही साठ-सत्तर मीटरांच्या आखूड अंतरावर, तो निराळाच होऊन बसतो. मला गोडी आहे ती या दुसऱ्या प्रकारची. त्यासाठी आमच्या लातूर जिल्ह्यातल्या रेणा नदीच्या काठची एखादी जुनी आमराई डोळ्यांसमोर आणली तरी पुरे: मध्येच दोन चिंचा, बांधाला बाभळी, कोपऱ्यात लिंब.

आधी ते डावीकडं वळणं उलगडू. उडत्या चकतीवर हवा खालून उचल देते, पण ती उचल चकतीच्या बरोबर मध्यावर लागत नाही. वेग मंदावून चकती नाक वर करून तरंगायला लागली की उचलीचा जोर मध्याच्या पुढं सरकतो आणि पुढची कड वर ढकलली जाते. चकती फिरत नसती तर तिथंच कोलांटी खाऊन खाली आली असती. ताटली न फिरवता फेकून बघा, दोन हातांवर उताणी पडते.

फिरणाऱ्या वस्तूची मात्र एक विचित्र खोड असते, आणि ती खोड भोवरा खेळलेल्या प्रत्येकानं पाहिलेली आहे. भोवरा कलला की पृथ्वी त्याला खाली ओढते, पण तो त्या बाजूला पडत नाही. ओढीच्या काटकोनात सरकतो, आणि म्हणून आरेवर कललेल्या अवस्थेत घुमत राहतो. चकती म्हणजे हवेत आडवा सोडलेला भोवरा. तिला हवा पुढून वर ढकलते, तर ती मागं न उलथता काटकोनात, म्हणजे बाजूला कलते. उजव्या हातानं अशी उलटी फेक केली की वरून पाहता चकती घड्याळाच्या काट्यांसारखी फिरते आणि शेवटी डावीकडंच कलते. डाव्या हातानं फेकणाऱ्याची उजवीकडं जाते. सुरुवातीला वेग भरपूर असताना प्रकार उलटा होतो: उचलीचा जोर मध्याच्या मागं असतो, म्हणून चकती थोडी उजवीकडं झुकते. एकाच फेकीत आधी उजवं वळण, मग डावं. ओढ्याच्या वळणासारखी ही नागमोडी रेघ हवेत उमटते.

चांगल्या खेळाडूच्या हातून सुटलेली चकती मिनिटाला हजारावर फेरे घेते. जितके फेरे जास्त तितकं कलणं सावकाश. म्हणून मनगटाचा हिसका दंडाच्या जोरापेक्षा मोलाचा. भोवऱ्याची जाळी झटक्यात मागं ओढल्याशिवाय तो घुमत नाही, तसंच.

फिरत्या चकतीचं हे गूढ आपल्या भागाला नवं नाही. आमच्या रेणापूरहून नांदेड काही फार लांब नाही. तिथं हजूर साहिबच्या हल्लाबोल मिरवणुकीत निहंग शिखांच्या उंच निळ्या दुमाल्यावर पोलादी कडी चढवलेली दिसतात. ते चक्कर, म्हणजे चक्र. आज ते बाण्याची खूण म्हणून मिरवतं, पण मुळात फेकायचं हत्यार. बाहेरची कड धारदार, मध्ये मोकळं, तर्जनीभोवती गरगर फिरवून किंवा अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरून सोडायचं. मध्ये भोक ठेवण्यात शहाणपण होतं: पातळ कडं हवेला कमी अडतं आणि लांब जातं. अमेरिकेतल्या अ‍ॅलन अ‍ॅडलर या संशोधकानं 1984 मध्ये प्लास्टिकचं असंच कडं बाजारात आणलं. त्याच्या कडेला बारीक ओठ काढून त्यानं पुढची आणि मागची उचल जुळवून घेतली, त्यामुळं ते जवळजवळ सरळ उडतं. 2003 मध्ये असं कडं एका फेकीत 406.3 मीटर गेलं. भरीव चकतीची 2016 मधली विक्रमी फेक 338 मीटरांची. (हाच अ‍ॅडलर पुढं कॉफी गाळण्याच्या एका प्रसिद्ध नळकांड्याचा जनक झाला. हवेचा दाब काही त्याच्या डोक्यातून गेला नाही.)

मग हत्याराचा खेळ कसा झाला? 1926 मध्ये कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात ब्लॅडवर्थ नावाच्या खेड्यात शाळकरी पोरं डब्यांची पत्र्याची झाकणं फेकून गोल्फ खेळत होती. नावही साधं, पत्र्याच्या झाकणांचा गोल्फ. म्हणजे आमच्या कडब्याच्या गंजीला थेट पूर्वज सापडला. कॅलिफोर्नियात फ्रेड मॉरिसन या तरुणाची सुरुवातही 1937 मध्ये मक्याच्या लाह्यांच्या डब्याच्या झाकणानं झाली. पुढं त्यानं प्लास्टिकची तबकडी घडवली, वॅम-ओ कंपनीनं 1957 मध्ये ती विकायला काढली आणि त्याच वर्षी तिला फ्रिस्बी हे नाव मिळालं.

खेळाला आजचं रूप दिलं त्याच कंपनीतल्या एड हेड्रिकनं. त्यानं तबकडीच्या पाठीवर गोल वळ्या काढून तिचं उडणं स्थिर केलं, त्याचं पेटंट 1967 चं. मग 1975 मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमचा डिस्क गोल्फ मार्ग आखला. नावाप्रमाणंच ओक वृक्षांची सावली. शेजारी नासाची जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी, जिथून मंगळावरच्या गाड्या हाकल्या जातात. कुंपणाच्या एका बाजूला ग्रहांपर्यंतच्या वाटांचं गणित, दुसऱ्या बाजूला माणसं चकती ओकच्या फांद्यांतून कशी न्यायची या विवंचनेत!

सुरुवातीला तिथं टोपल्या नव्हत्या, नुसते खांब होते. खांबाला चकती लागली की नाही यावरून वाद. आपल्याकडं लगोरीत, विटी-दांडूत होतो तसाच, लागली-नाही लागली. हेड्रिकनं खांबाला साखळ्या लटकवल्या, खाली टोपली बसवली, 1977 मध्ये त्याचंही पेटंट मिळालं. साखळी दोन कामं करते: चकतीचा वेग गिळते आणि खणखणून साक्ष देते. 2002 मध्ये हेड्रिक वारला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणं त्याची राख प्लास्टिकमध्ये मिसळून चकत्या काढल्या गेल्या. अस्थी नदीत सोडणाऱ्या आपल्यासारख्यांना हे ऐकून आधी कसंसंच होतं, मग हसू येतं, आणि मग वाटतं, जिवंतपणी ज्या झाडांनी अडवलं त्यांच्यातूनच तो आता उडत असेल.

आता आमराईत शिरू. झाडं रांगेत नाहीत, वेडीवाकडी वाढलेली आहेत असं धरू. दर 25 चौरस मीटरांना एक झाड आणि खोडाची जाडी 40 सेंटीमीटर. खेळाच्या नियमानं चकतीचा व्यास निदान 21 सेंटीमीटर असावा लागतो. खोड आणि चकती मिळून वाटेवर 61 सेंटीमीटरांचा पट्टा मोकळा लागतो. टोपली 60 मीटरांवर असेल तर पट्ट्याचं क्षेत्रफळ झालं साडेछत्तीस चौरस मीटर, म्हणजे सरासरी दीड झाडाची जागा. डोळे मिटून फेकलं तर खोड चुकवून पोचण्याची शक्यता शंभरात फक्त 23. तीस मीटरांवर 48. वायूचा एखादा कण दुसऱ्याला धडकेपर्यंत किती जाईल हे भौतिकशास्त्रज्ञ ज्या हिशोबानं काढतात, तोच हा हिशोब. फांद्या मी धरल्याच नाहीत. त्या धरल्या तर आकडे सांगण्याजोगे उरणार नाहीत.

त्याच हिशोबात एक गंमत दडलेली आहे. चकती आडवी न फेकता डोक्यावरून, कुऱ्हाड घालावी तशी उभी फेकली तर तिची रुंदी 21 ऐवजी दोनेक सेंटीमीटर उरते. पट्टा 42 सेंटीमीटरांवर येतो आणि शक्यता 23 वरून 36 वर चढते. झाड जागचं हललं नाही, तरी फट रुंद झाली. अनुभवी खेळाडू हे आकड्यांविना जाणतात. दाट झाडीत ते चकती उभी करतात.

अर्थात कुणी डोळे मिटून फेकत नाही. झाडीतला खेळाडू टोपलीकडं बघतच नाही, तो फट शोधतो. समजा 20 मीटरांवर दोन आंब्यांच्या मध्ये दोन मीटरांची मोकळी जागा आहे. चकतीची अर्धी रुंदी वजा केली की दोन्ही बाजूंना चुकायला मुभा साधारण अडीच अंशांची. हात गोल फिरवून फेकलं तर ही मुभा सुटण्याच्या क्षणात दोन सहस्रांश सेकंदांएवढी भरते. माणसाच्या पापणीला त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून शिकवणारे सांगतात की हात फिरवू नको, छातीलगत सरळ ओढ. सरळ रेषेत ओढलेली चकती थोडी आधी सुटली काय, थोडी नंतर सुटली काय, दिशा तीच राहते. शरीराच्या एका सवयीनं वेळेची मुभा वाढते, हे मला झाकणं फेकण्याच्या वयात कुणी सांगितलं असतं तर कडब्याची गंज वाचली असती.

फटीपलीकडं टोपली सरळ दिसतेच असं नाही. बहुतेकदा ती चिंचेमागं डावीकडं असते. इथं चकतीची खोड कामाला येते. नेम उजवीकडच्या फटीवर धरायचा, तिथून ती सरळ जाईल आणि वेग उतरला की आपोआप डावीकडं चिंचेमागं वळेल. वळण उजवीकडं हवं असेल तर सोडतानाच तिची बाहेरची कड वर उचलून धरायची, किंवा तळहात पुढं ठेवून सरळ्या हातानं फेकायची, मग फिरणं उलटं आणि वळणंही उलटं.

नव्या खेळाडूची पहिली चूक म्हणजे लांब जाणारी चकती विकत घेणं. डेव्ह ड्युनिपेसनं 1983 च्या सुमारास चकतीच्या कडेला उतार दिला आणि धारदार कडेच्या वेगवान चकत्यांचं युग सुरू झालं. त्यांना वेग लागतो, वेग नसला की त्या दगडासारख्या डावीकडं कोसळतात. झाडीत मात्र हवी असते जाड, बोथट कडेची पटर. हळू फेकली तरी ती शहाण्या बैलासारखी सरळ चालते. 2021 च्या जागतिक स्पर्धेत, युटा राज्यातल्या ऑग्डेनमध्ये, अखेरच्या टोपलीवर जेम्स कॉनरॅड एका फेकीनं मागं होता. त्यानं सुमारे 75 मीटरांवरून फेकलेली चकती थेट साखळ्यांत गेली, बरोबरी झाली आणि पुढच्या निर्णायक डावात त्यानं पॉल मॅकबेथला हरवलं. त्याच्या हातात पटरच होती.

नियमही झाडांना मान देतात. चकती फांदीत अडकली तर तिच्या बरोब्बर खालून पुढची फेक. मध्ये येणारी डहाळी मोडायची मुभा नाही, अंग चोरून, गुडघ्यावर बसून, पाय लांब टाकून फेकायचं. टोपलीपासून 10 मीटरांच्या आत फेकल्यावर तोल सावरेपर्यंत पुढं पाऊल टाकता येत नाही. तरीही झाडांना त्रास होतो हे खरं. फेकींनी खोडाची साल निघते, पायाखाली मुळांवरची माती घट्ट दबते. वनाच्या बाबतीत राज्यात तळाशी असणाऱ्या जिल्ह्यांत लातूर मोडतो. असा मार्ग इथं कुणी आखलाच, तर आधी पाच-दहा वर्षं झाडं लावावी लागतील, आणि कोवळ्या खोडांना गोणपाट गुंडाळावं लागेल. मला ही अट वाईट वाटत नाही.

आणि आमचा उन्हाळा. रेणापूर समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरांवर, आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर. त्या दुपारी इथली हवा समुद्रकाठच्या पंधरा अंशांच्या हवेपेक्षा जवळपास 14 टक्के विरळ भरते. चकतीला टेकायला तेवढी हवा कमी, उचल कमी. तीच चकती, तोच हात, पण थंड देशातल्या मैदानापेक्षा इथं ती तरंगायला नाखूश. तेव्हा खेळायचं तर सकाळी, रानातली माणसं भाकरी बांधून निघतात त्या वेळी. आंब्याखाली अजून गारवा असतो, बोथट पटर हातात, फट वीस पावलांवर, आणि चिंचेमागची टोपली दिसत नाही. फेकायचं, आणि कान देऊन उभं राहायचं. खोडाचा टक आवाज येतो की साखळीची खणखण.