जुन्या क्वार्ट्झ घड्याळाची निगा : सेल, तेल आणि हवामान

वाराणसीच्या दशाश्वमेध घाटालगत मानमंदिराच्या गच्चीवर सवाई जयसिंहांची वेधशाळा आहे. अठराव्या शतकात उभारलेल्या तेथील लघु सम्राट यंत्रावर सावलीवरून वेळ पाहता येते. काशीच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापन करणारे मराठी ज्योतिर्विद बापूदेव शास्त्री यांनी एकोणिसाव्या शतकात या यंत्रांचे वर्णन लिहिले होते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. काशी तिच्या सुमारे अर्धा अंश पूर्वेस असल्याने तेथील स्थानिक मध्यम वेळ प्रमाणवेळेपेक्षा अवघी दोन मिनिटे पुढे असते. तरीही नोव्हेंबरच्या आरंभी सावली आणि मनगटावरील घड्याळ यांत याखेरीज आणखी सोळा मिनिटांचे अंतर पडते. कारण सूर्याची भासमान गती वर्षभर सारखी नसते. क्वार्ट्झ घड्याळ सूर्याकडे पाहत नाही, ते गारगोटीच्या जातीच्या एका स्फटिकाची कंपने मोजते.

स्फटिकावर दाब दिल्यास वीज निर्माण होते, हे क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवले. उलट, वीज दिल्यास स्फटिक ठराविक गतीने कंप पावतो. या गुणाच्या आधारे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९२७ मध्ये पहिले क्वार्ट्झ घड्याळ तयार झाले. मात्र ते मनगटावर येण्यास आणखी चार दशके लागली. २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत विक्रीस आलेल्या सेको कंपनीच्या 'ॲस्ट्रॉन' घड्याळाची किंमत साडेचार लाख येन, म्हणजे त्या काळच्या एका लहान मोटारीइतकी होती. भारतात एचएमटीने १९८० च्या दशकात क्वार्ट्झ घड्याळे आणली, तर १९८४ मध्ये स्थापन झालेल्या टायटनने सुरुवातीपासूनच क्वार्ट्झवर भर दिला. लग्नात, निवृत्तीच्या समारंभात मिळालेली ती घड्याळे आज अनेक घरांच्या कपाटांत बंद पडून आहेत. 'सेलवरचे घड्याळ, त्यात दुरुस्त काय करायचे' असे म्हणून ती टाकून दिली जातात. हा समज पुष्कळदा चुकीचा असतो.

या घड्याळाचे मशीन उघडल्यास चार मुख्य भाग दिसतात : बटन सेल, स्फटिक व सर्किट, तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि दातेरी चाकांची माळ. धातूच्या लहानशा निर्वात नळीत बसवलेला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या म्हणजे दोनचा पंधरावा घात. सर्किट तिला पंधरा वेळा निम्मे करते आणि सेकंदाला एक स्पंद उरतो. तो गुंडाळीत पोहोचला की एक इवलेसे चुंबक अर्धा फेरा घेते आणि सेकंदकाटा एक घर पुढे सरकतो. फ्रेंच अभियंता मारियस लाव्हे यांनी १९३६ मध्ये मांडलेली ही मोटरची रचना आजही बहुतेक काट्यांच्या क्वार्ट्झ घड्याळांत आढळते.

स्फटिक सहसा बिघडत नाही. वयोमानाने तो अधिकच स्थिर होतो. जुने मशीन मरते ते बहुधा सेलमुळे. सिल्व्हर ऑक्साइडचा १.५५ व्होल्टचा सेल अखेरपर्यंत जवळपास सारखाच दाब देतो आणि मग एकाएकी बसतो. अनेक घड्याळांत त्यापूर्वी सेकंदकाटा दोन किंवा अधिक सेकंदांच्या उड्या मारू लागतो. ती सेल बदलण्याची सूचना होय. संपलेला सेल तसाच राहिला तर त्यातील अल्कली बाहेर झिरपते, पांढरा थर साचतो, संपर्कपट्ट्या गंजतात आणि केसापेक्षा बारीक तार तुटते. गुंडाळी गेल्यावर तोच भाग दुसऱ्या घड्याळातून मिळवावा लागतो. वापरात नसलेल्या घड्याळाची चावी ओढून ठेवण्याची सवय चांगली आहे, कारण त्यामुळे काटे थांबतात आणि वीज वाचते; परंतु झिरपणे त्याने टळत नाही. सेल काढून ठेवणे हाच खरा उपाय. स्वस्त अल्कलाइन सेल त्याच आकाराचा असला तरी लवकर गळण्याचा धोका अधिक असल्याने जुन्या मशीनमध्ये तो घालू नये.

दुसरे कारण तेलाचे. नवा सेल दोन-तीन वर्षे चालण्याऐवजी सहा महिन्यांतच संपत असेल, तर अनेकदा दोष सेलचा नसतो. चाकांच्या टोकांवरील तेल घट्ट होते, मोटर अडखळते आणि काही सर्किटे तिला पुढे ढकलण्यासाठी अधिक वीज ओढतात. पुन्हा पुन्हा सेल बदलून काही साधत नाही; मशीन उघडून स्वच्छ करावे लागते. क्वार्ट्झची मोटर चावीच्या घड्याळातील स्प्रिंगच्या मानाने फारच दुबळी असल्याने तेल अतिशय पातळ आणि नाममात्र हवे. चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटतो, म्हणून पितळी चिमटा वापरणे इष्ट. हे काम घड्याळजीचेच आहे. घरी फार तर झाकण उघडून सेल काढावा.

हवामानाचा परिणाम काशीत चांगला दिसतो. या घड्याळांतील स्फटिक २५ अंश सेल्सिअसच्या आसपास अचूक असतो. त्याहून तापमान वाढो वा उतरो, तो मंदच होतो आणि ही मंदी तापमानातील फरकाच्या वर्गाने वाढते. मे महिन्यात ४० अंशांच्या बंद खोलीत ठेवलेले घड्याळ महिन्याला सुमारे वीस सेकंद मागे पडते. जानेवारीत १० अंशांत ठेवले तरी तितकेच. मनगटावर असताना शरीराची ऊब त्याला तिशीच्या आसपास ठेवते, म्हणून रोज वापरलेले घड्याळ अधिक नेमके चालते. अशा मंदीसाठी मशीन उघडण्याची गरज नाही. जुन्या काही सर्किटांवर वेग जुळवण्यासाठी 'ट्रिमर' नावाचा बारीक स्क्रू असतो. मोजमापाच्या उपकरणाशिवाय तो फिरवू नये.

पावसाळ्यातील दमटपणा मात्र खरोखरच हानी करतो. झाकणाखालचे रबराचे कडे कडक झाले की बाष्प आत शिरते आणि काचेच्या आतून धुके धरते. सेल बदलताना हे कडेही बदलून घ्यावे. खर्च किरकोळ असतो.

सुट्या भागांचा प्रश्न दिवसेंदिवस कठीण होत आहे. एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये घेतला. त्यामुळे त्या मशीनचे भाग आता बंद पडलेल्या अन्य घड्याळांतूनच बहुधा काढले जातात. काही दुकानांत संपूर्ण मशीनच बदलून दिले जाते. त्यात घड्याळ चालू होते, पण तबकडीखालचे मूळ यंत्र जाते आणि काट्यांची भोके नव्या मशीनला जुळतीलच असे नाही. मान्यता देण्यापूर्वी मशीनच्या पट्टीवर कोरलेला क्रमांक टिपून घ्यावा, मोडलेले जुने मशीन परत मागावे आणि काढलेला सेल लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावा. तो गिळल्यास अन्ननलिका काही तासांतच गंभीररीत्या भाजू शकते.