गाडी उचलायची, पण किती आणि कुठून?

गळीत हंगाम तोंडावर आला की वाहतूक करार केलेल्या सभासदांच्या ट्रक गॅरेजला लागतात आणि आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "गाडी मागून बसलीय, फडात गोळा टेकतो. मिस्त्री म्हणतो थोडक्या खर्चात चार इंच उचलून देतो. उचलू का?"

आधी नेमके काय उचलले जाते ते पाहू. पाटे वाढवले किंवा पाट्याखाली ठोकळा घातला, तर वर जाते ती चासी आणि हौदा. मागचा ॲक्सल टायरवर उभा असतो, तो होता तिथेच राहतो. म्हणजे डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून एक सूतही वर येत नाही. आणि चाकोरीत टेकतो तो गोळाच! गोळा उंच होतो फक्त टायरने. ९.००-२० च्या जागी १०.००-२० घातला तरी फायदा अर्धा-पाऊण इंचाचा, तोही त्या गाडीला तो टायर आणि त्याची रिम मंजूर असेल तर.

उलट, उसाचा भार मात्र चार इंच वर जातो. साधा हिशेब करा. दोन्ही बाजूंच्या चाकांत सहा फूट अंतर धरले आणि एक चाक फूटभर खड्ड्यात गेले, तर दर सहा फूट उंचीला भार एक फूट बाजूला कलतो. मधोमधपासून चाकापर्यंत आधार तीनच फुटांचा. त्यातला एवढा एका खड्ड्यात गेला. शिवाय पाटे दबतात, मोळ्या सरकतात आणि कॅनॉलच्या वळणावर झोक जातो तो वेगळाच. वर टोळीतले कोणी बसले असेल तर काय, हे लिहायला नको. मुळात भरलेल्या उसावर माणूस बसवूच नये.

मग बसलेल्या गाडीचे काय? रिकामी गाडी सपाट जागेवर उभी करून दोन्ही बाजूंना ॲक्सल ते चासी अंतर टेपने मोजा. फरक आला तर कमी भरलेल्या बाजूचे पाटे, सेंटर बोल्ट, बुश, शॅकलपिना तपासा. बहुतेक वेळा एखादा पाटा तुटलेला सापडतो. पाटे बदलताना दोन्ही बाजूंचे बदलावेत, जाडी मूळचीच ठेवावी. १० मि.मी.च्या जागी १२ मि.मी.चा पाटा घातला तर तो सव्वापट नव्हे, जवळजवळ पावणेदोनपट कडक होतो. रिकामी गाडी उड्या मारते आणि ब्रेकला टायर जमीन सोडतो. गॅसने लाल करून पाटा वाकवून देणारे मिस्त्री आहेत. तसे केल्याने पाट्याचे पाणी उतरते, महिनाभरात पुन्हा बसतो नाहीतर मोडतो. वेल्डिंग तर नकोच.

ठोकळा घालणारच असाल तर तो लोखंडी, एकच, आणि फक्त मागे. एकावर एक ठोकळे किंवा लाकडाचा तुकडा चालणार नाही. पुढच्या ॲक्सलला तर ठोकळा मुळीच घालू नये, स्टिअरिंग आणि ब्रेकचा जोर तिथे येतो. यू-बोल्ट नवे, पुरेशा लांबीचे घ्या, आलटून-पालटून समोरासमोरचे आवळा आणि पहिली भरलेली खेप झाल्यावर पुन्हा आवळा. काम करताना जॅकवर विसंबून खाली शिरू नका, चासीखाली भक्कम घोड्या लावा.

एक गोष्ट मिस्त्रीही विसरतात. बऱ्याच गाड्यांत मागच्या ॲक्सलला जोडलेला, भार पाहून ब्रेकचा जोर ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. चासी उचलली की त्याला भरलेली गाडीही रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. तो नव्याने लावून घ्यावा लागतो. ब्रेकचा होज ताणतो का, प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडला का, हेही बघा.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही. अपघातानंतर विमा कंपनीला दावा अडवायला तेवढे निमित्त पुरते. तेव्हा आर.टी.ओ.त आधी विचारावे.

आणि आता ऊस उत्पादक सभासदांना. गाडी रुतते ती बहुधा उशिरा दिलेल्या पाण्याने. तोडणीआधी दहा-पंधरा दिवस पाणी बंद ठेवा, त्याने उतारही सुधारतो. फडाच्या तोंडाशी दोन-तीन ट्रॉल्या मुरूम टाकून ठेवा. ज्यांची तोडणी जवळ आली आहे त्यांनी हे याच आठवड्यात करावे.